लाखोरीची चंदी

सोयाबीन आमच्या भागात फार उशिरा आलं. आता उमरेड रोडने जाताना दोन्ही बाजूंना तेच दिसतं आणि जनावरांच्या खुराकाचं पोतं उघडलं तरी आत त्याचीच ढेप असते. परवा एक पाहुणे म्हणत होते की, आपल्या मातीतली कडधान्यं पुन्हा जनावरांना घालायला हवीत. पूर्वी लोक तेच घालत होते आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी चहा ओतत होते. पूर्वी काय घालत होते ते मला माहीत आहे. सरकी होती, जवसाची ढेप होती, तुरीची चुनी होती, ते सगळं चांगलंच होतं. पण लाखोरीही होती.

मी लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. सासरचं घर इतवारीच्या मागच्या बाजूला, विणकरांच्या वस्तीत. पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग होता. त्यावर माझा नवरा लुगडी विणायचा आणि सासूबाई त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायच्या. सासऱ्यांनी मात्र माग सोडला होता. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून बसणं त्यांना सोसेना, म्हणून त्यांनी एक टांगा घेतला आणि एक तांबडी घोडी. सकाळी कचेरीतल्या बाबूंना सदर भागाकडे न्यायचे, संध्याकाळी परत आणायचे. मधल्या वेळात स्टेशनवर उभे राहायचे. माणसांशी ते फार बोलत नसत. घोडीला खरारा करताना मात्र त्यांचं बोलणं चालू असे, आणि ती कान वळवून ऐकतेय असं वाटायचं.

घोडीची चंदी म्हणजे भिजवलेला हरभरा. तो भिजत घालण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. सून म्हणून मला त्या घरात पहिलं काम मिळालं ते हेच, आणि मला ते आवडायचं. मी तोबरा घेऊन गेले की घोडी माझ्या खांद्याला नाक घासायची.

त्या वर्षी पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो परत आलाच नाही. माझं माहेर उमरेडच्या पुढे, धानाच्या मुलखात. तिकडे धान लोंबीवर येऊन वाळलं. इकडे नागपुरात हरभरा बाजारात दिसेनासा झाला. दिसला तरी किडका. दिवाळीला माझे बाबा आणि धाकटा भाऊ मला भेटायला आले ते लाखोरीचं पोतं घेऊनच. इतवारी स्टेशनपासून घरापर्यंत भावाने ते पोतं एकट्याने खांद्यावर आणलं. विशीतला गडी, दारात पोतं उतरवलं आणि हसत उभा राहिला. धापही लागली नव्हती त्याला.

लाखोरी म्हणजे लाखेची डाळ जिची करतात ते कडधान्य. तुरीच्या डाळीत ती मिसळली तर ओळखू येत नाही. धान उभं असतानाच बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतातल्या, ओल्या चिखलात ती फेकून देतात. नांगर नको, पाणी नको. धान निघून गेलं की त्याच ओलीवर ती वाढते. बाकी सगळं जळून गेलं तरी ती येतेच.

"इवाईबुवा, हरबऱ्याच्या मागं काहून फिरता?" बाबा सासऱ्यांना म्हणाले. "आमचे बैल हेच खाऊन राहिले. त्यायच्या अंगावर माशी बसत नाही."

सासऱ्यांनी मूठभर दाणे हातावर घेतले, एक दाताखाली फोडला.

"बैलाचं पोट अन् घोडीचं पोट सारखं नसते, इवाई."

"दाणा तो दाणा. भिजवून घाला. सरला तर अजून पाठवतो."

सासरे थोडा वेळ दाणे या हातातून त्या हातात करत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घाल मंग भिजत. तुझ्या माहेरचं हाये, वाईट कायले असंल."

घोडीने ते आवडीने खाल्लं. महिन्याभरात ती भरली, तिच्या कातडीवर तेल लावल्यासारखी झळाळी आली. स्टेशनवरचे दुसरे टांगेवाले विचारू लागले. दोघांनी तर घरी येऊन माझ्या माहेरच्या गावाचा रस्ता नीट समजून घेतला. सासूबाईंनीही पोत्यातली थोडी लाखोरी घरासाठी काढून ठेवली. आम्ही तिचे वडे केले, कधी वरण केलं. रोजचं जेवण आमचं ज्वारीचं होतं, त्यामुळे ते चवीपुरतंच. पोतं संपलं तसं बाबांनी दुसरं पाठवलं.

माघ लागला तेव्हाची गोष्ट. मी अंगणात रंगवलेलं सूत वाळत घालत होते. टांगा गल्लीत वळायच्या आधीच मला एक आवाज ऐकू आला. कुणीतरी दूरवर ओल्या लाकडात करवत चालवतंय असा. घुंगरांच्या आवाजात तो मिसळला होता, आणि घुंगरं थांबल्यावरही थोडा वेळ चालूच राहिला. मग थांबला. मी बाहेर जाऊन पाहिलं तर घोडी शांत उभी होती, कान हलवत होती.

"मामाजी, ही असा आवाज काहून करून राहिली?" मी सासऱ्यांना विचारलं.

"धूळ गेली घशात," ते म्हणाले. "पूल चढताना जोरात हाकलली मी आज."

रात्रीच्या चंदीत त्यांनी हळद आणि गूळ घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज. उभी असली की घोडीला काहीच नसे. डोळे स्वच्छ, भूक चांगली, अंग थंड. चार पावलं दौडली की छातीतून ती करवत सुरू व्हायची. मला त्या आवाजापेक्षा तो थांबला की घोडी जशी काही झालंच नाही अशी उभी राहायची त्याची जास्त भीती वाटायची. टांग्यात बसलेले बाबू एकमेकांकडे बघू लागले. एकाने दुसरा टांगा लावला.

पुढे तिचे मागचे पायही बिघडले. टांग्याच्या दांड्यांमध्ये घेताना तिला मागे सरकायला लावावं लागे. एकदा तसं करताना ती एकदम ढुंगणावर टेकल्यासारखी खाली गेली आणि धडपडत उठली. सासरे तिच्या खुरांत खडा शोधत बसले. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कोणाची नजर लागली वं हिले. लई चमकून राहिली होती." त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मी नेहमीप्रमाणे लाखोरी भिजत घातली. घोडी खाण्यात कुठेच कमी करत नव्हती, आणि खातंय ते जनावर आजारी नसतं असंच आम्ही सगळे समजत होतो.

ती पडली त्या दिवशी मी टांग्यात होते. सदरला सासूबाईंच्या भाचीला मुलगी झाली होती, तिला बघायला आम्ही दोघी निघालो होतो. दुपारचं ऊन होतं. सदरकडे जाताना रेल्वेचा पूल लागतो. त्याच्या चढावर लागताच आवाज सुरू झाला. सासरे खाली उतरून लगाम धरून चालू लागले. आम्हीही उतरणार तेवढ्यात आवाज बदलला. करवतीचा राहिला नाही, शिट्टीसारखा बारीक झाला. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. घोडीने मान लांब केली, तोंड उघडलं, नाकपुड्या एवढ्या फाकल्या की आतलं लाल दिसत होतं. हवा तिच्या पुढ्यात होती आणि तिला ती आत घेता येत नव्हती. मग तिचे गुडघे वाकले आणि ती दांड्यांसकट खाली आली. सासूबाई आणि मी एकमेकींच्या अंगावर पडलो.

सासऱ्यांनी पट्टे कापले. ते तिच्या मानेशी बसून एकच म्हणत राहिले, "हळू घे. हळू घे." बऱ्याच वेळाने तिची छाती खाली-वर होऊ लागली. कुणीतरी पाणी आणलं. ती उठली, तेव्हा तिचे पाय थरथरत होते. टांगा तिथेच एका कडेला ठेवून सासरे तिला पायी जनावरांच्या दवाखान्यात घेऊन निघाले. सासूबाई घरी परतल्या. मी का कोण जाणे, सासऱ्यांच्या मागे चालत राहिले, आणि त्यांनी मला परत पाठवलं नाही.

तिथला डॉक्टर मध्यम वयाचा होता. त्याने घोडीला हळू चालवायला लावलं, मागे सरकवायला लावलं, तिच्या गळ्याला कान लावून ऐकलं.

"चंदी काय देता?"

"हरबरा," सासरे म्हणाले.

डॉक्टर पुन्हा गळा चाचपू लागला. मी पदर पुढे ओढून घेतला. सासऱ्यांसमोर परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते.

"लाखोरी," मी म्हणाले. "दिवाळीपासून."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरने मान हलवली, जणू त्याला हेच ऐकायचं होतं.

"आजपासून बंद. एक दाणासुद्धा नको. बैलाला थोडी चालते, घोड्याला नाही. घोड्याच्या गळ्यातली आणि पायांतली ताकद ती काढून घेते. टांग्याला हिला आता लावू नका. पळवलीत तर मरेल."

"अन् नीट व्हायची?"

"आहे ते राहील. गेलेलं परत येत नाही."

तो बादलीत हात धुऊ लागला. हात पुसता पुसता त्याने विचारलं, "लाखोरी आणली कुठून?"

"माझ्या माहेरून. उमरेडच्या पुढे."

"यंदा तिकडे धान झालं नाही ना? मग लोक काय खाऊन राहिलेत?"

"लाखोरीच," मी म्हणाले. "भाकरी तिचीच, वरण तिचंच."

त्याचा पुसणारा हात थांबला. मला वाटलं तो रागावणार. पण तो हळूच म्हणाला, "तुमच्या गावात काठी घेऊन चालणारे किती आहेत, बाई? म्हातारे सोडून?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गल्लीतला कुंभार आला, जो चवड्यांवर चालायचा. विहिरीजवळच्या घरातले दोघे सख्खे भाऊ, एकाला एक काठी, दुसऱ्याला दोन. देवळाच्या पायरीवर बसणारा, पाय ओढत सरपटणारा माणूस. लहानपणी आम्ही त्यांची चाल काढून खेळायचो. गावात विहीर असते, पिंपळ असतो, तसे हे असतात असं मला वाटायचं. दुसऱ्या गावांत ते नसतात हे नागपुरात येऊनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"माहेरी जाऊन या," डॉक्टर म्हणाला. "लवकर जा."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. त्याने मागावरचं लुगडं अर्धं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इतवारीहून छोट्या रेल्वेत बसलो. उमरेडहून पुढे चालत गेलो. लाखोरी फुलावर आली होती. बांधीबांधीत निळी फुलं, जिथवर नजर जाईल तिथवर. धानाच्या नुसत्या वाळक्या बुडख्यांवर तेवढीच एक हिरवी-निळी चादर. लहानपणी मी ती फुलं केसांत घालायचे. त्या दिवशी बांधावरून चालताना मी लुगडं आवरून धरलं, त्यांचा स्पर्श नको म्हणून.

भाऊ अंगणात बसला होता. मला बघून त्याने भिंतीला हात लावला आणि उठला. टाचा जमिनीला टेकल्या नाहीत. गुडघे वाकलेले, आणि पाऊल टाकलं तसा एक पाय दुसऱ्यापुढे कात्रीसारखा आडवा आला. दोन पावलं येऊन तो थांबला.

"कदीपासून?" मी विचारलं.

"काई नाई बाई. पाय आखडले. वारं धरलं म्हणते आई. एका सकाळी उठलो त पाय लाकडासारखे."

"दुखते?"

"नाई ना. दुखतच नाई." तो हे असं म्हणाला जसं ते चांगलं लक्षण आहे.

आईने आम्हाला पानं वाढली. लाखोरीच्या पिठाची भाकरी, लाखोरीचं वरण आणि कोवळ्या पाल्याची भाजी. नवरा हात मागे घेऊन बसला. बाबांच्या ते लक्षात आलं.

"जावई, जेवा ना."

मग मीच घोडीचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. आई भाकरीची टोपली धरून उभीच राहिली. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, "तुयी घोडी पडली म्हणून माया घरचं अन्न खोटं झालं काय? माया बापानं हेच खाल्लं. त्याच्या बापानं हेच खाल्लं. दुसरं काय होतं खायले? यंदा काय हाये, तूच सांग."

"आजोबा काठीनं चालत होते, बाबा."

"थे गाडीवरून पडले होते."

"कोणी पायलं पडताना?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडे बघत नव्हती, भावाच्या पायांकडे बघत होती. तिला त्या घरात येऊन पंचवीस वर्षं तरी झाली असतील. सासऱ्याचे पाय तिनेच तेलाने चोळले होते.

"ह्याले घेऊन जा," ती मला म्हणाली. "आजच घेऊन जा."

बाबांनी बैलगाडी जुंपली. स्टेशनपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. गाडीतून उतरवताना मात्र त्यांनी भावाला पाठीवर घेतलं आणि डब्यात नेऊन बसवलं, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिले.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातही तेच सांगितलं जे घोडीच्या डॉक्टरने सांगितलं होतं: वाढणार नाही, गेलेलं परत येणार नाही. भावाचं लग्न ठरलं होतं, मुलीकडच्यांनी निरोप पाठवून मोडलं. त्याच्या भाकरीचं सासूबाईंनी कधी काढलं नाही. मला त्याची भीती होती, पण त्यांनी स्वतःच त्याला कांड्या भरायला शिकवलं. मागावर तो बसू शकत नव्हता, कारण खालच्या पावड्या दाबायला पाय लागतात. चरखा फिरवायला हात पुरतात. तो पुढे चाळीस वर्षं आमच्याकडेच होता. लोकांचं सूत इतकं सारखं भरायचा की शेजारच्या मागांवरूनही त्याला काम यायचं. चालायचा ते शेवटपर्यंत काठीनेच.

घोडीला आम्ही कुळथी आणि जवसाची ढेप घालू लागलो. सासऱ्यांनी तिला विकली नाही. विकली तर घेणारा तिला टांग्याला लावेल हे त्यांना ठाऊक होतं. ती अंगणात बांधलेली असे, आणि ते रोज तिला खरारा करत. पण आता बोलत नसत. उन्हाळ्यात एका दुपारी गल्लीत ट्रकचा भोंगा वाजला. ती बिथरली, दावं तुटलं आणि ती कोपऱ्यापर्यंत दौडली. मी घरातून तो आवाज ऐकला, आधी करवतीचा, मग शिट्टीचा. मी बाहेर पोचेपर्यंत तो थांबला होता, आणि या वेळी घोडी पुन्हा उठली नाही. सासऱ्यांनी टांगा देऊन टाकला आणि पुन्हा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले. मला एका शब्दाने ते कधी काही बोलले नाहीत. फक्त माहेरून काही आलं की ते उघडून बघत. आणि आमच्या गावाचा रस्ता विचारून गेलेल्या त्या दोन टांगेवाल्यांना सांगायला ते स्वतः स्टेशनवर गेले होते. एकजण भेटला. दुसऱ्याने टांगा सोडून आपलं गाव गाठल्याचं कळलं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, धान झालं. त्या फाल्गुनात बाबा आले. हातात धोतराच्या कापडात बांधलेलं गाठोडं होतं. त्यांनी ते दारातच ठेवलं, आत आणलं नाही. भाऊ ओसरीवर चरखा फिरवत होता.

"काय हाये त्याच्यात?" त्याने विचारलं.

"यंदाची हाये."

"पेरली?"

"बांधीत दुसरं काय येते गा? चिखल वाळला का चिरा पडते. वरच्या वावरात जवस टाकलं मी. खाली हेच."

"घरी खाता?"

"आता भात हाये. बैलालेच घालतो. थोडी थोडी." बाबा भावाच्या पायांकडे न बघता बोलत होते. "तुया आईनं घरात येऊच दिली नाई. म्हून इकडं आणली. म्हटलं कोंबड्यायले होईन."

"आमच्याकडे कोंबड्या नाहीत, बाबा," मी म्हणाले.

ते आमच्याबरोबर ज्वारीची भाकरी जेवले. भावाने भरलेल्या कांड्या हातात घेऊन बघितल्या, चांगल्या झाल्या म्हणाले. निघताना त्यांनी गाठोडं उचललं. मला वाटलं परत नेतील. भाऊ काठी टेकत त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत गेला, आणि परत आल्यावर त्याने सांगितलं की बाबांनी वाटेत इतवारीच्या बाजारात एका डाळवाल्याकडे गाठोडं सोडलं. डाळवाल्याने दाणे तळहातावर घेऊन पाहिले आणि काही न विचारता तुरीच्या पोत्याशेजारी ओतून घेतले.